तीन किलोच्या आत

गेला दीड महिना योगिनी सूर्यवंशीच्या पर्समध्ये जेवणाचा डबा, कंपनीचं ओळखपत्र आणि बॅगा तोलायचा हूकचा काटा एकत्र फिरत होते. काटा तिने घेतला त्याच दिवशी कंपनीतल्या प्रमाणित वजनांशी ताडून पाहिला होता. फरक निघाला नाही, तेव्हाच तो पर्समध्ये गेला. चाकणच्या ज्या कंपनीत ती अकरा वर्षं सांध्यांच्या फटी बुजवणाऱ्या रबरी गॅस्केटची शेवटची तपासणी करत होती, तिथे कुणाच्या शब्दावर माल पुढे जात नसे, आणि बाहेरही कुणाच्या शब्दावर जाऊ नये असं तिचं मत झालं होतं.

तिला हवी होती एक बेस गिटार. चार जाड तारांची, गाण्याच्या तळाशी घुमणारी. हा आवाज चालू असताना कुणाचं लक्ष नसतं, थांबला की मात्र नाचणाऱ्यांचे पाय अडखळतात. योगिनी रंगराव भालेकरांच्या ऑर्केस्ट्रात चौदा वर्षं बेस वाजवत होती. तिच्याकडची काळी गिटार भरीव लाकडाची, चार किलो सहाशे ग्रॅम. जूनमध्ये चाकण-तळेगाव रस्त्यावर खड्डा चुकवताना ती स्कूटरवरून पडली, डावं गळ्याचं हाड मोडलं आणि आत स्टीलची पट्टी बसली. डॉक्टरांनी बोट उगारून सांगितलं होतं, या खांद्यावर तीन किलोच्या वर काहीही लटकवायचं नाही. भाजीची पिशवीसुद्धा नाही.

"बसून वाजव म्हटलं असतं गं," रंगराव म्हणाले होते, "पण खुर्चीत बसलेली बाई स्टेजवर पेशंट दिसते. लोक हळदीला येतात, दवाखान्यात भेटायला नाही." आणि मग खरं ते बोलले. "किबोर्डवाला डाव्या हातानं बेस ओढतो हल्ली. सगळीकडे तसंच चाललंय. अठ्ठावीस नोव्हेंबरला मोशीच्या लॉनवर हळद आहे. त्या दिवशी उभी राहू शकलीस तर तू. नाहीतर त्याचा डावा हात."

एकदा त्या डाव्या हाताची सवय झाली की बेसवाल्या माणसाला परत कुणी बोलवत नाही, हे योगिनीने दुसऱ्या चार ऑर्केस्ट्रांत पाहिलं होतं.

हलकी बेस मिळते. मधे लाकडाचा ठोकळा आणि दोन्ही बाजूंना पोकळी असलेली, दुकानदार तिला सेमी-हॉलो म्हणतात. वर व्हायोलिनला असतात तशा दोन नागमोडी फटी. पण नवी मागवायची तर दोन महिने थांबा, आणि जुनी शोधायची तर माणसं भेटतात.

वाकडच्या बाविसाव्या मजल्यावरच्या एका संगणकवाल्याने "एकदम फुलासारखी" म्हणून गिटार दाखवली. काट्यावर चार किलो दोनशे भरली. तो म्हणाला, काट्यावर काय जाताय, अंगावर घालून बघा. पट्टा तिच्या गळ्यात घालायला तो स्वतःच पुढे आला आणि पट्ट्याबरोबर त्याचा हातही खांद्यावरून खाली यायला लागला. योगिनीने काटा त्याच्या पोटाला टेकवून त्याला एक पाऊल मागे सारलं आणि लिफ्टमध्ये शिरली. दिघीच्या दुसऱ्या एकाने तीन वेळा बोलावून तिन्ही वेळा साधी सहा तारांची गिटार दाखवली. चौथ्यांदा फोन केला तेव्हा विचारलं, "मिस्टर काय करतात तुमचे?" लग्न झालेलं नाही हे तिने सांगितलं नाही. फोन ठेवल्यावर तिने हात धुतले, आणि फोनवर बोलल्यावर हात का धुतले हे तिचं तिलाच कळलं नाही.

मग सतरा तारखेला सुजितची जाहिरात दिसली. चिखलीतल्या प्लॉटिंगच्या ऑफिसातला कारकून. फोटोत फिकट लाल रंगाची, दोन फटींची बेस, आणि खाली एकच ओळ: तीन किलोच्या आत.

*

कोंडाजीशेठ साने यांचं ऑफिस म्हणजे काचेचं दार, लांबलचक सोफा आणि कोपऱ्यात फक्कीची पोती. प्लॉट आखायला जी पांढरी पूड जमिनीवर टाकतात ती. पोत्यांशेजारी गिटार उभी होती. गळ्यात दसऱ्याची झेंडूची माळ, वाळून खाकी झालेली. अंगावर हळदकुंकवाचे थर, वर्षानुवर्षांचे, इतके की लाकडाला खरूज झाल्यासारखं वाटावं.

"शेठच्या मुलानं, गणराजनं हौसेनं आणली होती," सुजित म्हणाला. "चार महिने वाजवली, मग जिमकडे वळला. पाच वर्षं इथंच आहे मॅडम. खंडेनवमीला जेसीबी, टेप, फक्कीचं मशीन, सगळ्यांबरोबर हिचीही पूजा असते."

"वजन कशावर केलं होतं?"

"गणराजच म्हणायचा."

योगिनीने माळ काढून काटा अडकवला आणि गिटार उजव्या हाताने उचलली. तीन किलो पाचशे पन्नास. तिने पुन्हा तोललं. तेच.

"रिजेक्ट," ती सवयीने म्हणाली आणि गिटार खाली ठेवली. ठेवताना आतून आवाज आला. खुळखुळ. मग घसरल्यासारखा काहीतरी ओला, जड आवाज. तिने गिटार तिरकी केली. पुन्हा तेच, दुसऱ्या बाजूने.

तेवढ्यात काचेचं दार ढकलून कोंडाजीशेठ आले. साठीचे, पांढरेशुभ्र कपडे, बोटांत अंगठ्या. सोफ्यावर बसता बसता त्यांनी गुटख्याचं पाकीट दातांनी फाडलं, मान मागे टाकून तोंडात रिकामं केलं.

"ऑर्केस्ट्रातल्या का तुमी? ऱ्हावा उभ्या. न्हाई, बसा, बसा," असं तोंडातलं सांभाळत म्हणताना त्यांची बोटं त्या पाकिटाची चौपट घडी घालत होती. घडी झाली. शेठनी हात लांब केला आणि ती गिटारच्या फटीत सरकवली. बघितलंसुद्धा नाही. पोस्टाच्या पेटीत पत्र टाकावं तसं.

योगिनीने मोबाइलचा दिवा लावून फटीत डोकावलं. आत चांदीच्या रंगाची पाकिटं एकमेकांना चिकटून बसली होती, आणि त्यांच्या मधून काहीतरी लालसर, शिजल्यासारखं, तिच्याकडे चकाकत होतं. वास आला. सुपारीचा, आंबलेल्या खोबऱ्याचा आणि झुरळांचा.

"काका, त्यात कचरा टाकलात तुम्ही."

"मंग?" कोंडाजीशेठना प्रश्नाचं नवल वाटलं. "खाली टाकू व्हय? सकाळीच फरशी पुसलीया."

"ही पूजेतली वस्तू आहे ना?"

"पूजेतलीच हाय. सरस्वती हाय ती." शेठनी बसल्या जागेवरूनच गिटारला हात जोडले, गाल फुगलेले तसेच. "आन् ही भोकं कशापायी असत्यात मंग? आमाला वाटलं, ठिवायचीच सोय हाय."

सुजित खाली बघत होता. फटीत त्यानेही पाच वर्षं काय काय ठेवलं असेल हे त्याच्या लाल झालेल्या कानांवरून कळत होतं.

निघून जावं, रस्त्यावर थुंकावं, घरी जाऊन केस धुवावेत असं योगिनीला वाटलं. पण डोक्यातली तपासनीस बाई दुसरंच काही मांडत होती. गणराजचा शब्द खरा असेल तर निदान साडेपाचशे ग्रॅम घाण. घाण काढता येते. लाकूड कमी करता येत नाही.

"किती द्यायचे?"

कोंडाजीशेठनी हात वर केला. "इकायची न्हाई." मग सुजितकडे वळले. "कुणाला इचारून टाकली रं जाहिरात?"

"शेठ, कोपरा रिकामा करा म्हणला होतात. पाण्याचा कूलर..."

"कोपरा म्हणलो व्हतो. द्याव इकाया न्हाई सांगितला." ते योगिनीकडे वळले, आवाज मऊ करून. "ताई, पूजंला लावलेली वस्तू आमी इकत न्हाई. आमच्या बापानं न्हाई इकली, आमी न्हाई इकणार."

त्यांच्या बापाच्या एकोणीस एकरांतला शेवटचा तुकडा भिंतीवरच्या नकाशात पिवळ्या रंगाने दाखवला होता आणि त्यावर 'बुकिंग सुरू' असं लिहिलं होतं. योगिनीने नकाशाकडे बघितलं.

"पर असं करा," शेठ म्हणाले, "जागा रिकामी ऱ्हाता कामा नये. वाद्याच्या जागंला वाद्य ठिवा. बदलीत चालतंय. मंग ही घिऊन जा, खुशाल."

वाद्याच्या जागी वाद्य. योगिनीकडे वाद्य एकच होतं.

*

काळी गिटार तिने नोकरीतल्या पहिल्या बोनसमधून घेतली होती. मागच्या बाजूला, जिथे ओढणीची पिन घासायची, तिथे रंग उडून लाकूड दिसत होतं आणि त्या जागेला तिच्या अंगाचा गुळगुळीतपणा आला होता. थेरगावच्या दोन खोल्यांत तिच्याखेरीज राहणारी तीच एक. अपघातानंतर पाच महिने ती भिंतीला टेकून होती. उचलता न येणारी वस्तू घरात ठेवून आपण तिचं कोणतं भलं करतोय, असं योगिनीने स्वतःला दोन दिवस विचारलं, आणि तिसऱ्या दिवशी रिक्षात घालून ती चिखलीला नेली. रिक्षातून उतरवायलासुद्धा रिक्षावाल्याला हाक मारावी लागली.

सुजित तयारीत होता. दोन बोटं हळदीत, दोन कुंकवात. काळ्या लाकडावर त्याने आडव्या रेघा ओढल्या. अक्षता टाकल्या. नारळ उंबऱ्यावर फोडला आणि करवंटीतलं पाणी तारांवर शिंपडलं.

"तारा गंजतील," योगिनी म्हणाली.

"वाजवायचंय कुणाला?" कोंडाजीशेठ म्हणाले. वाकून त्यांनी काळी गिटार पुढून, मागून पाहिली. चेहऱ्यावर नाराजी आली. "हिला भोक न्हाई?"

"नाही."

"बरं," ते म्हणाले. खप नसलेला प्लॉट गळ्यात पडावा तसं.

योगिनीला तेवढं एकच बरं वाटलं. लाल गिटार प्लास्टिकच्या गोणीत गुंडाळून ती निघाली तेव्हा काळीच्या तारांवरून नारळाचं पाणी ठिबकत होतं. तिने मागे वळून बघितलं नाही. घाण कुणाची होती हे स्पष्ट होतं, पण तिचेही हात चिकट झाले होते.

रविवारी दिपाली आली. गॅस्केटच्या कटिंगवर काम करणारी, योगिनीची डब्यातली भागीदार. येताना कंपनीतून लांब चिमटा, रबरी हातमोजे आणि दोन मास्क घेऊन आली. गॅलरीत वर्तमानपत्र पसरून दोघींनी तारा काढल्या, गिटार पालथी धरली आणि हलवली.

"आई गं," दिपाली एवढंच म्हणाली.

पहिल्यांदा तांदूळ पडले, पाच खंडेनवमींचे, पोरकिड्यांनी पोखरलेले. मग पाकिटं. ती सुटी येत नव्हती. ओल्या सुपारीने एकमेकांना चिकटून त्यांचा गठ्ठा झाला होता आणि चिमट्याने ओढलं की सुटताना ओल्या मोज्यासारखा आवाज यायचा. पूजेच्या अख्ख्या सुपाऱ्या. त्यांच्यात चघळून झालेल्याही होत्या, कुणीतरी तोंडातून काढून नीट आत ठेवलेल्या, दातांच्या खुणांसकट. फक्की ओल धरून सिमेंटसारखी झालेली. प्लॉटचे कोपरे ठोकायचे चार इंची खिळे, अकरा. एक छोटं कुलूप. कुंभारमाशीचं मातीचं घरटं, मुठीएवढं. झुरळांच्या अंड्यांच्या तपकिरी डब्या, काही फुटलेल्या, काही अजून भरलेल्या. शेवटी किल्ल्यांचा एक जुडगा, त्यावर गुलाबी काहीतरी चिकटून सुकलेलं.

"ते काय?" दिपालीने विचारलं.

"बघू नकोस."

"च्युइंगगम आहे का?"

"बघू नको म्हटलं ना."

दिपाली गॅलरीच्या टोकाला जाऊन उभी राहिली. परत आली तेव्हा म्हणाली, "योगिनी, ह्यांच्या घरात नळ आहेत ना गं? म्हणजे अंघोळ वगैरे करतात ना ही माणसं?"

"रोज. आणि पांढरे कपडे घालतात."

योगिनीने सुजितला फोन केला. किल्ल्या सापडल्यात म्हणाली.

"कपाटाच्या?" सुजित ओरडलाच. "दोन वर्षं शोधतोय मॅडम! बघा, पूजा केल्याचं फळ!"

तिने फोन ठेवला. आतलं लाकूड दोन ठिकाणी काळं पडलं होतं, पण ठोकून पाहिलं तर टणक होतं. सोड्याच्या फडक्याने, मग कोरड्या फडक्याने, मग केस वाळवायच्या मशीनने असं करत दुपार गेली. कुंकवाचा डाग गेला नाही. नव्या तारा चढवल्या, पट्टा लावला, काटा अडकवला. दोन किलो नऊशे पन्नास.

पट्टा खांद्यावर घेतला. पाच महिन्यांनंतर. खांदा दुखला, पण अडला नाही. तिने सगळ्यात जाड तार एकदा वाजवली, तशीच, विजेशिवाय. पोकळीतून आवाज घुमून तिच्या बरगड्यांना लागला. काळी असा आवाज कधी करत नव्हती. दिपालीने मास्क खाली ओढला.

"छान आहे," ती जरा रागानेच म्हणाली.

*

पंचवीस तारखेला आकुर्डीत तालीम होती. पहिल्या गाण्याच्या तिसऱ्या ओळीला गिटारने शिट्टी घातली. मोठ्या स्पीकरचा आवाज फटींतून आत शिरत होता, आतल्या आत वाढत होता आणि कान फाडत बाहेर येत होता. आवाज कमी केला की शिट्टी थांबे, पण मग बेसही ऐकू येईना.

रंगरावांनी हात वर करून गाणं थांबवलं. "शिट्ट्या प्रेक्षकांनी मारायच्या असतात बाई. गिटारनं नाही."

किबोर्डवाल्याने डावा हात उगीचच दोनदा उघडमीट केला.

"अठ्ठावीसपर्यंत वेळ आहे ना?" योगिनीने विचारलं.

"अठ्ठावीसपर्यंत आहे."

फटी बंद करायला हव्या होत्या. आवाज आत जाऊ नये म्हणून. त्या रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या तिला कोंडाजीशेठचा तो लांब झालेला हात दिसला, आणि दुसरंही एक कारण आहे हे तिने कबूल केलं. कागदावर फटीचा आकार काढून तिने तो सकाळी दिपालीला दिला. दिपालीने जेवणाच्या सुट्टीत टाकाऊ रबराच्या पट्ट्यातून दोन बुचं कापली, कडेने खाच पाडून, इंजिनाच्या झाकणाला बसवायची असावीत इतकी नेमकी. योगिनीने ती मापून पाहिली, तपासली, पास केली. दोन्ही मिळून छत्तीस ग्रॅम. एकूण दोन किलो नऊशे शहाऐंशी. चौदा ग्रॅम शिल्लक राहिले.

मोशीच्या लॉनवर संध्याकाळी सात वाजता हळद सुरू झाली. योगिनी उभी होती. चौथ्या गाण्याला अख्खं लॉन नाचत होतं, म्हाताऱ्यांच्या गालांवर हळद होती आणि शिट्टी फक्त माणसं मारत होती. किबोर्डवाल्याचा डावा हात पँटच्या खिशात होता. रंगरावांनी मान न वळवता बोटांनी खूण केली: पाच तारीख, चिंचवड. योगिनीने मान हलवली.

पुढच्या सोफ्यावर वधूच्या चुलत्यांच्या रांगेत कोंडाजीशेठ होते. पाचव्या गाण्याला ते फर्माईशीची चिठ्ठी घेऊन स्टेजवर चढले. चिठ्ठी खरं तर रंगरावांना द्यायची. पण वाटेत त्यांना लाल गिटार दिसली आणि ते थांबले.

"आपलीच की ही!" त्यांनी मागे वळून सोफ्यावरच्यांना ओरडून सांगितलं. "आमच्या हापिसातली! पूजंतली!" मग योगिनीच्या अगदी जवळ येऊन, तोंडातला लाल रस ओठाच्या कडेने सावरत, म्हणाले, "काळी बी झ्याक हाय बरं का. तारांच्या मागं लाइट बोर्डाची कागदं खोचतोय आमी."

योगिनीचं बोट तारेवरून घसरलं नाही. ठेका चुकला नाही.

कोंडाजीशेठनी चिठ्ठीची चौपट घडी घातली आणि हात लांब केला. घडी फटीला लागली आणि वाकली. त्यांनी जोर लावला. अंगठी रबरावर घासली. त्यांनी पहिल्यांदाच खाली बघितलं.

"बुजवलं व्हय?"

"व्हय," योगिनी म्हणाली.

शेठ गोंधळले. चिठ्ठी त्यांनी रंगरावांच्या हातात कोंबली आणि काहीतरी नेहमीचं करावं म्हणून खिशातून गुटख्याचं पाकीट काढलं, दातांनी फाडलं, रिकामं केलं, घडी घातली. आता ही घडी कुठे ठेवायची म्हणून त्यांची नजर स्टेजभर फिरली. योगिनीच्या पायाशी स्पीकर होता. त्याच्या तोंडाला खाली एक गोल भोक असतं, आतली हवा बाहेर यावी म्हणून. कोंडाजीशेठ कंबर धरून वाकले आणि त्यांनी घडी त्यात सरकवली.

योगिनीने सगळ्यात जाड तार दाबली आणि वाजवली.

भोकातून हवा आली, हवेबरोबर पाकीट आलं आणि शेठच्या पांढऱ्या बुटावर पडलं. त्यांनी ते उचलून पुन्हा आत ठेवलं, जरा खोल. तिने पुन्हा तीच तार वाजवली, कारण गाण्यातही तोच सूर होता. पाकीट फडफडलं आणि बाहेर आलं.

सोफ्यावर कुणीतरी हसलं. कोंडाजीशेठ तिसऱ्यांदा वाकले नाहीत. स्टेजवर सगळीकडे वायर, दिवे, माणसं. खाली मांडवात सकाळीच अंथरलेला हिरवा गालिचा. ते पाकीट हळद लागलेल्या मुठीत धरून गाणं संपेपर्यंत तसेच उभे राहिले.